ओटीवरचे की माडीवरचे

आपण आपल्या बायकोपेक्षा तेरा वर्षांनी मोठे आहोत ही चूक दुरुस्त करता येईल, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच होऊन गेला आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. त्या काळी रत्नागिरीत नवराबायकोत तेरा वर्षांचं अंतर असलं तर कुणाला त्याचं काही वाटत नसे. आमच्याच आळीत अठरा-वीस वर्षांची अंतरं सुखाने नांदत होती आणि एका घरात तर सासू सुनेहून दोन वर्षांनी लहान होती. पण माझ्या आतोबांना हे अंतर बोचायचं. ते मोघम तेरा म्हणत नसत. तेरा वर्षं, चार महिने, नऊ दिवस असं म्हणत. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाला हाताशी धरून हे अंतर हळूहळू कमी करत आणायचं, हा त्यांनी पन्नाशीत आरंभलेला उद्योग होता. हायस्कुलात पंचवीस वर्षं शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला वेडा म्हणायची सोय नव्हती, म्हणून गाव त्यांना ‘अभ्यासू’ म्हणे.

मी देवरूखहून कचेरीतल्या नोकरीसाठी रत्नागिरीला आलो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि आत्याकडेच उतरलो. त्यांना मूलबाळ नव्हतं, घर मात्र दुमजली आणि ऐसपैस होतं. मांडवीकडे उतरणाऱ्या वाटेवर, पुढे ओटी, मागे विहीर, ओटीवरून समोर भगवतीच्या किल्ल्याचा डोंगर दिसे. घरात लंबकाची दोन घड्याळं होती, एका घडणीची आणि मुंबईहून एकाच आगबोटीने आलेली. त्यातलं एक ओटीवर होतं, दुसरं माडीवर. पहिल्याच दिवशी कचेरीत वेळेवर पोचायचं म्हणून मी विचारलं, “आतोबा, किती वाजले?” त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे उलट विचारलं, “कुठले? ओटीवरचे की माडीवरचे?” मला वाटलं, दोहोंतलं एक बिघडलं असेल. मी धावत माडीवर जाऊन आलो. दोन्हीकडे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तसं मी त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, “तशी दिसतात.” या ‘दिसतात’चा अर्थ त्यांनी मला उभ्याउभ्याच समजावून दिला आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी मी अर्धा तास उशिरा पोचलो. आमच्या हेडक्लार्कला मी काय कारण सांगणार होतो?

झालं होतं असं, की कुठल्याशा मासिकात आतोबांनी एक लेख वाचला होता. जर्मनीतल्या एका प्रोफेसराने म्हणे गणिताने सिद्ध केलं होतं, की पृथ्वीसारख्या जड गोळ्याच्या जितकं जवळ जावं तितका काळ सावकाश चालतो आणि जितकं दूर, उंच जावं तितका भरभर चालतो. नुसती घड्याळं नव्हेत, तर काळच. म्हणजे माणसाची नाडी, नखं, केस, म्हातारपण सगळं त्यात आलं. लेख वाचून इतर लोकांनी मासिक बाजूला ठेवलं आणि सुपारी कातरली. आतोबांनी त्याच दिवशी आत्याची गादी माडीवर नेली आणि स्वतःची ओटीवर आणली. ती वर झोपली म्हणजे तिचं वय भरभर वाढणार, हे खाली झोपले म्हणजे यांचं सावकाश वाढणार, आणि कधी ना कधी दोघं बरोबरीला येणार. नवरा घरातल्या बायकोला माडीवर झोपवतो आणि आपण पाव्हण्यासारखा ओटीवर पडतो, याचा आळीने घ्यायचा तो अर्थ घेतला. दोन म्हाताऱ्या समजूत घालायलाही येऊन गेल्या. आतोबांनी त्यांना गुरुत्वाकर्षण समजावलं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

एकदा हे खूळ डोक्यात बसल्यावर त्यांना जगात माणसं दिसेनात, उंच्या दिसू लागल्या. जेवायला बसताना ते स्वतः पाट घेत नसत, नुसत्या जमिनीवर बसत, आणि आत्या मागाहून जेवायला बसे तेव्हा तिच्यासाठी दोन पाट एकावर एक रचून ठेवत. ती बिचारी गणपतीसारखी उंचावर बसून, वाकून वाकून भात कालवी. दुपारची डुलकी ते विहिरीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर काढत. लोकांना वाटे, गारव्यासाठी. ते मला म्हणत, “कारकून, ही झोप फुकटची नाही. इथे माझा काळ वाचतोय.” मला ते नावाने कधी हाक मारत नसत, कारकूनच म्हणत. किल्ल्याच्या डोंगरावरच्या दीपगृहात राहणाऱ्या रखवालदाराची त्यांना मनापासून दया येई. एवढ्या उंचीवर जन्म काढायचा म्हणजे बिचाऱ्याला लवकर म्हातारपण येणार, म्हणून दर हिवाळ्यात ते त्याला आवळ्याच्या मोरंब्याची बरणी नेऊन देत. रखवालदार बरणी रिकामी करी आणि आपल्यावर ही कृपा का, ते देवाला विचारी. वर्गात एक ताडमाड वाढलेला मुलगा मागच्या बाकावर दंगा करत होता, त्याला ते म्हणाले होते, “तुझं डोकं तुझ्या पायांपेक्षा वयाने मोठं आहे. पण वागण्यात ते दिसत नाही.”

मीही त्यांची यथेच्छ थट्टा करत असे. एकदा विहिरीच्या काठावर बसून मी त्यांना सरळ विचारलं, की हे जे तुम्ही मिळवताय ते भरतं तरी किती? मला वाटलं होतं, निदान एखादा दिवस तरी म्हणतील. त्यांनी गणित केलेलंच होतं. ओटीपासून माडी दहा फूट उंच. आत्याने तीस वर्षं रोज रात्रीचे आठ तास वर काढले, तर एका सेकंदाचे एक कोटी तुकडे करायचे, त्यातला एक तुकडा. मी इतका हसलो की विहिरीत पडायचा राहिलो. तेरा वर्षं, चार महिने, नऊ दिवस आणि त्यातून वजा सेकंदाचा कोटीवा भाग. ते हसले नाहीत. खालच्या पायरीवरून वर बघत म्हणाले, “तेवढं तर तेवढं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. त्यांची थोरली बहीण विसाव्या वर्षी विधवा होऊन या घरी परत आली होती. डोक्यावरून तांबडं आलवण घेऊन ती मागच्या खोलीत चाळीस वर्षं राहिली. मंगळागौर, डोहाळजेवण, लग्न, मुंज, कशालाही पुढे आली नाही; पुढे येऊ दिलं नाही म्हणा. आतोबा तिच्या हातचं जेवून मोठे झाले होते. “आमच्या घरात पुरुष साठीपलीकडे जात नाहीत,” ते म्हणाले. “मी गेल्यावर हिची तेरा वर्षं उरतात. ताईचं मी पाहिलंय, कारकून. हिचं मला नको.” त्या दिवसापासून मी थट्टा सोडली असं मात्र नाही. वय तेवीस होतं, जीभ जागेवर राहत नसे, आणि या माझ्या जिभेनेच पुढचा घोटाळा केला.

त्या वर्षी पाऊस जरा उघडल्यावर आतोबांनी एक प्रयोग काढला. नव्या शास्त्राची परीक्षा घेण्याआधी जुन्याची घ्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. लंबकाचं घड्याळ उंचावर नेलं तर ते मागे पडतं, हे ते वर्गात पंचवीस वर्षं शिकवत आले होते. उंचावर पृथ्वीची ओढ कमी, म्हणून लंबक संथ झुलतो. किल्ल्याच्या डोंगराएवढ्या, अडीचशे फूट उंचीला दिवसाला एक सेकंद, असं पुस्तकातलं गणित. पण पाहिलं होतं कुणी? त्यांनी माडीवरचं घड्याळ उतरवलं, गड्याच्या डोक्यावर दिलं, आणि डोंगरावरच्या गुरवाच्या पडवीत नेऊन टांगलं. आता दोन्ही घड्याळं ताडून पाहायची कशी? तर रोज दुपारी डोंगरावरच्या घड्याळात बरोबर बारा वाजले की आतोबांनी कड्यावर उभं राहून पांढरं उपरणं हवेत उडवायचं. आत्याने ओटीवर बसून डोंगराकडे बघायचं आणि उपरणं दिसताच ओटीवरच्या घड्याळात बारावर किती सेकंद झालेत ते कोळशाने भिंतीवर लिहायचं. एक महिना. आत्याला आकडे लिहायला त्यांनीच शिकवलं होतं, तेव्हा ती तयार झाली.

पहिल्या दिवशी उपरणं उडालं आणि खाली मांडवीला एकच पळापळ झाली. डोंगरावरून कुणी कापड हलवलं म्हणजे खाडीच्या तोंडाशी माशांचा थवा आला, अशी तिथल्या खारव्यांची जुनी खूण. वरून पाण्याचा काळसर रंग दिसतो, तो खालून दिसत नाही. चार होड्या सुटल्या. आणि योग असा, की त्यांना खरोखरच बांगडा लागला. दुसऱ्या दिवसापासून बाराच्या सुमारास होड्या तयारच राहू लागल्या. चौथ्या दिवशी खारव्यांचा म्होरक्या, तांडेल, टोपलीभर ताजे बांगडे घेऊन आमच्या ओटीच्या पायरीशी उभा. आत्या नाकाला पदर लावून माजघरात पळाली. आतोबांनी तांडेलाला ओटीच्या पायरीवर बसवून पाऊण तास लंबकाविषयी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाला, “मास्तरानू, तुमी कापड हलवा. बाकीचं आमी बघू.” बांगडे तसेच परत गेले. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून आत्याने आतूनच टोपलीत वर दोन नारळ ठेवायला सांगितले. नवव्या की दहाव्या दिवशी खारव्यांना शंका आली, की मास्तरांना मासा रोज बाराच्या ठोक्यालाच कसा दिसतो, आणि मग होड्या थांबल्या.

महिना संपला. भिंतीवर कोळशाने एकाखाली एक आकडे, एक, दोन, तीन करत थेट तीसपर्यंत. तीस दिवसांत तीस सेकंद. पुस्तकात होतं तसं, एका सेकंदाचाही फरक नाही. आतोबांना इतका आनंद झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी आत्याला खीर करायला सांगितली. आम्ही दोघं त्या दिवशी ओटीवरच जेवत होतो, आत्या वाढत होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी सहज म्हणालो, “म्हणजे आतोबा, वर काळ मागे पडतो, हे सिद्ध झालं की. मग इतकी वर्षं आत्या माडीवर झोपून लहान होत चालल्येय आणि तुम्ही खाली राहून म्हातारे.”

मी थट्टेत बोललो होतो. खिरीचा घोट त्यांनी तोंडातच धरला. मग हळूच वाटी खाली ठेवली आणि भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहत राहिले. शिकवणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. पंचवीस वर्षांचं शास्त्र एका बाजूला, मासिकातला लेख दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बायकोच्या हातचे तीस आकडे. ते जेवण अर्धं टाकून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळीच गड्याला बोलावून त्यांनी आत्याची गादी खाली आणवली आणि आपली वर नेववली. आपण अंतर कमी करायला निघालो आणि वाढवून बसलो, या विचाराने त्यांचा चेहरा पार उतरला होता. ते विहिरीवर जाईनात, पाट घेऊन जेवू लागले, आणि माडीच्या खिडकीत पहाऱ्यावर ठेवल्यासारखे बसून राहू लागले. आत्याने मात्र हट्ट धरला. खाली ओल येते, खाली डास आहेत, खाली मला झोप लागत नाही, मी वरच राहत्ये, असं ती अकरा दिवस रोज म्हणत होती. ज्या बाईने नवऱ्याच्या एकाही खुळाला आजवर नाही म्हटलं नव्हतं, तिने या एकाच गोष्टीसाठी एवढं रुसावं याचं मला नवल वाटलं.

बाराव्या दिवशी अंघोळ करता करता आतोबा न्हाणीघरातून ओल्या अंगाने बाहेर आले. मी कचेरीत निघालो होतो. मला दारात अडवून ते म्हणाले, “लंबक म्हणजे पृथ्वीचा गडी, कारकून. तिची ओढ ढिली झाली की तो आळसावतो. गडी आळसावला म्हणून दिवस का थांबतो?” एवढं साधं आपल्याला बारा दिवस सुचू नये याची त्यांना लाज वाटत होती आणि ती लपवायला ते मोठ्याने बोलत होते. काळ वर भरभरच चालतो. तिथे मागे पडतो तो नुसता लंबक. प्रोफेसर बरोबर होते. पुस्तकही बरोबर होतं. चुकला होता तो एकटा कारकून. गड्याला पुन्हा हाक गेली. त्याने दोन्ही गाद्यांकडे बघत विचारलं, “मास्तरानू, आता हिकडंच ऱ्हाणार ना? न्हायतर मी जिन्यातच ठेवतो.”

पण अकरा रात्री उलट्या गेल्या होत्या, त्याचं काय? आतोबांनी गणित मांडलं. माडी दहा फूट, डोंगर अडीचशे फूट. आत्या सात तास डोंगरावर बसली आणि हे तेवढा वेळ समुद्राच्या पाण्यालगत बसले, की झालेली चूक भरून निघते. कार्तिक लागलेलाच होता. किल्ल्याच्या वाटेवर आवळ्याचं एक झाड होतं. आळीतल्या बायका तिथे आवळीभोजनाला जायच्या होत्या, त्यांच्याबरोबर आत्याला धाडायचं ठरलं. रविवार होता म्हणून डबे वाहायला मी गेलो. इतर बायका जेवून, गाणी म्हणून दुपारी उतरल्या, पण आत्याचे सात तास भरायचे होते. ती आणि मी आवळ्याखाली बसून राहिलो. खाली मांडवीच्या वाळूत एक ठिपका दिसत होता. ते आतोबा. सकाळपासून एकटे पुढ्यात दहीपोह्यांचा डबा घेऊन बसले होते.

“तुला एक सांगत्ये, ह्यांना बोलू नकोस,” आत्या म्हणाली. मग हसू दाबत तिने सांगितलं, की ते भिंतीवरचे आकडे तिने बसल्या जागी लिहिले होते. बाराचा सुमार म्हणजे चुलीवर फोडणी, डोंगराकडे टक लावून कोण बसणार? दिवसाला एक सेकंद पडणार हे ह्यांनी आधीच दहा वेळा सांगितलं होतं, म्हणून ती रोज एक एक वाढवत गेली. आळीत, कचेरीत, खारव्यांत, साऱ्या गावात गाजलेला प्रयोग फोडणीच्या वासावर झाला होता. माझी हसून मुरकुंडी वळली. हसणं ओसरल्यावर मी तिला विचारलं, की मग खाली झोपायला एवढी का रुसली होतीस?

“वर माझा काळ लवकर सरतो ना रे?” ती म्हणाली. “हे म्हणतात तसं खरं असेल, तर मी लवकर जाईन. मग मला कुंकवासकट जायला मिळेल. ह्यांना वाटतं मला गणित कळत नाही. ह्यांच्या मागे मला राहायचं नाही. त्यांचं त्यांना करमेल पुस्तकं घेऊन. मला नाही जमायचं.” मी तिला म्हणालो, की त्या गणिताने मिळतं ते सेकंदाच्या कोटीव्या भागाएवढं. तिला ते ठाऊक होतं. त्यांनीच सांगितलं होतं. उठताना तिने पदर सोडून खालच्या ठिपक्याला हात करावा तसा हलवला. आतोबांनी तो पाहिला की नाही कोण जाणे, पण खारव्यांनी पाहिला, आणि दोन होड्या पाण्यात गेल्या.

पुढे माझी लांज्याला बदली झाली, लग्न झालं, रत्नागिरीला जाणं सणावारी उरलं. आतोबा साठीला आले आणि सगळ्यांना चुकवून साठी ओलांडून गेले. त्याचं श्रेय त्यांनी विहिरीच्या खालच्या पायरीला दिलं. आणि एका श्रावणात आत्याला ताप भरला. आठ दिवसांत ती गेली. कपाळाला मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि आळीतल्या साऱ्या सुवासिनींनी तिची ओटी भरली. जे तिने मागितलं होतं ते तिला मिळालं, असं सगळ्या बायका म्हणत होत्या. आतोबा ओटीवर घड्याळाखाली बसून होते. त्यांच्याजवळ बसायचं सोडून मी बाहेरच्या तयारीला लागलो. त्याची रुखरुख मला अजून आहे.

दिवाळी झाल्यावर मी पुन्हा गेलो. ओटी रिकामी होती. घड्याळाच्या जागी भिंतीला फिकट चौकोन, आणि त्याशेजारी कोळशाचे आकडे, एकपासून तीसपर्यंत. एवढ्या वर्षांत भिंतीला किती वेळा चुना लागला असेल, पण आकड्यांभोवती कुणी कुंचला फिरू दिला नव्हता. वरून हाक आली, “कारकून, वरच या. मी आता वर असतो.” माडीवर खिडकीजवळ त्यांची गादी होती आणि दोन्ही घड्याळं एकाच भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेली होती. ते वाळले होते, पण डोळे तसेच मिश्कील होते. मी आकड्यांचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “ते तिने मनचे लिहिलेत. सतराव्या दिवशी मी गुरवाशी बोलत बसलो आणि उपरणं पाच मिनिटं उशिरा उडवलं. हे मला पुढे कधीतरी आठवलं आणि बघतो तर भिंतीवर सतरा.” मग तुम्ही तिला विचारलं का नाही, असं मी म्हणालो. ते म्हणाले, उत्तर बरोबर होतं, विचारायचं काय.

मी गादीकडे पाहिलं. ज्या माणसाने काळ वाचवायला पंधरा वर्षं जमिनीला अंग चिकटवून काढली, तो आता माडीवर राहत होता. का ते मला कळलं होतं, तरी मी विचारलं.

“वर जरा लवकर सरतो,” ते म्हणाले.

“पण आतोबा, सेकंदाचा कोटीवा भाग. तोही तीस वर्षांत.”

“तेवढं तर तेवढं.”

आम्ही बराच वेळ बसलो. त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली, तो कितव्या मजल्यावर झोपतो तेही विचारलं. मला लांज्याची मोटार गाठायची होती. निघताना सवयीने मी विचारलं, “आतोबा, किती वाजले?” आणि सवयीनेच उत्तराची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी दोन्ही घड्याळांकडे एकदा पाहिलं.

“सव्वाचार,” ते म्हणाले. कुठले, म्हणून त्यांनी विचारलं नाही.